विटा जयरामच्या, रस्ता सकुबाईचा

कोर्टात जिंकून दीड वर्ष झालं तरी सकुबाई भाताचे भारे ओढ्यातूनच आणत होती. शेताच्या वाटेवर भिंत होती. ती बांधली तिच्या चुलत दिरानं, जयराम गवंड्यानं. बेलिफ दोनदा आला आणि ‘मजूर मिळाला नाही’ असं लिहून परत गेला. आज तिसरी खेप, सोबत एक हवालदार आणि दोन पंच. उद्या तारीख. आज भिंत पडली नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, आणि भात तर कापून शेतात पडलेलं.

बेलिफानं हुकूम खड्या आवाजात वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"मग पाडा," सकुबाई म्हणाली.

"बाई, माझं काम पाडून घ्यायचं. पाडायचं नव्हे."

तिनं हवालदाराकडं पाहिलं. "मी बंदोबस्ताला," असं म्हणून तो आंब्याच्या सावलीचा बंदोबस्त करायला गेला.

"आमी सह्येपुरते, काकू," दोन्ही पंच एका सुरात म्हणाले.

गावातले मजूर जयरामच्या हाताखालचे. सकाळपासून सगळ्यांच्या कंबरा धरल्या होत्या. जयराम ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. "कोर्टाचा हुकूम ना, वयनी? मंग कोर्टालाच सांगा घमेलं उचलायला."

सकुबाईनं मनात हिशेब मांडला: हुकूम बजावणारे चार, पहार एकाकडंही नाही. ती घरातून पहार घेऊन आली. "सायेब, मी पाडली तर चालंल?"

बेलिफानं कागद उघडून पाहिला. "कुणी पाडायची ते लिहिलेलं नाही. माझ्या देखत पाडा."

पहिल्या घावाला भिंत हलली नाही, पण वरची वीट मधोमध फुटली. दुसऱ्याला दोन फुटल्या. जयरामचा अंगठा तळहातावर थांबला.

"वयनी, विटा माज्या हायेत."

"हुकूम भिंत पाडायचा हाय, भावजी. विटा जपायचा नाय. काय सायेब?"

"तसं काही लिहिलेलं नाही," बेलिफ हसू दाबत म्हणाला.

तिसऱ्या घावाला अर्धी वीट हवालदाराच्या बुटाशी जाऊन पडली. जयराम ओट्यावरून उतरला.

"अशी मारत्यात व्हय पहार? सांध्यात घालायची. आणा इकडं."

मग त्याच्या एका हाकेत मजुरांच्या कंबरा बऱ्या झाल्या. भिंत थराथरानं उतरली. पंच विटा रचू लागले, हवालदार मोजू लागला. दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला.

बेलिफानं लिहिलं, ‘प्रतिवादीने भिंत स्वतः काढली.’

"नाइलाजानं, असं लिवा," जयराम म्हणाला.

"तेवढी जागा नाही कागदावर."

तेवढ्यात सकुबाई भाताचा पहिला भारा डोक्यावर घेऊन त्या वाटेनं आली. "सरका, भावजी."

दोन्ही हातांत विटा घेतलेला जयराम वाटेच्या मधोमध उभा होता. तो सरकला.