तीनच्या आधी चार

मी रक्तपिशाचांच्या एका चित्रपटाची शेवटची उरलेली प्रिंट बोलतेय. घाबरू नका, मी चावत नाही. माझी पिशाचंही चावत नाहीत. दूरच्या ग्रहावरच्या इस्पितळात ती रांग लावून रक्त मागतात. त्यांना तपासणारी डॉक्टरीण त्यांच्यातलीच निघते, हे गुपित माझ्या चौथ्या रिळात फुटतं.

डॉक्टरीण झाली होती दिग्दर्शिकाबाईंची थोरली बहीण. पहिल्याच आठवड्यात लोक घाबरायचं सोडून पोट धरून हसले. बाईंनी सगळं खापर बहिणीच्या माथी फोडलं आणि दोघींत अबोला आला. बाकीच्या प्रिंट भंगारात गेल्या. मी तेवढी एका जुन्या थिएटरात दुपारच्या खेळापुरती उरले.

तिथल्या ऑपरेटरला चष्म्याचं वावडं. एका शुक्रवारी त्याने तिसऱ्याच्या आधी चौथं रीळ चढवलं. गुपित आधीच फुटलं! मग तिसऱ्यात तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी डॉक्टरीण बसली, तिची नाडी मोजू लागली, आणि थिएटरात कुणी हसेना. डॉक्टरणीला रक्ताची किती भूक लागलीय, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑपरेटर वस्ताद. चूक कळली तरी त्याने ती सुधारली नाही. वीस वर्षं दर शुक्रवारी मी तश्शीच चालले. लोक संवाद तोंडपाठ म्हणायचे, सासवा सुनांना घेऊन यायच्या. माझी ऐट काय विचारता!

गेल्या महिन्यात बाई आल्या. माझ्यावरून संगणकावर नवी प्रत काढायची होती, आणि यापुढे तीच लोकांना दिसणार होती. आता रिळं पुन्हा क्रमाने लागली, तर मी परत हसण्यावारीच जाणार. ऑपरेटरने बाईंना आधी खुर्चीत बसवलं.

“बाई, माझ्या हातून एक चूक झालीय. आधी बघा, मग हवं ते बोला.”

बाईंनी पाहिलं. दिवे लागले तरी जागच्या हलल्या नाहीत.

“हे कुणी सुचवलं हो तुम्हाला?”

“कुणी नाही. चष्मा घरी राहिला होता.”

बाई हसल्या आणि हसता हसताच रडल्या. मग त्यांनी तिथूनच फोन लावला.

“ताई, मी बोलतेय. ठेवू नकोस गं. तू चांगलं काम केलं होतंस. रिळांचा क्रम मीच उलटा लावला होता.”

शुक्रवारी दोघी शेजारी बसल्या होत्या. नवी प्रत ऑपरेटरच्याच क्रमाने निघाली. आता मी थंड खोलीत निवांत पडणार आहे. तुम्ही नवी प्रत जरूर बघा, आणि ताईंचं नाव आलं की टाळी वाजवा. वीस वर्षं ती वाजवायची राहिलीय.