दहाव्याचा राऊंड

जयेशला नोकरी लागली. हे खरं शेवटी सांगायचं होतं, आधीच सांडलं. तेव्हा तुम्ही काही ऐकलेलं नाही. नोकरीबिकरी लागलेली नाही. जयेश खडवलीला नदीकाठी उभा आहे, आज आबांचा दहावा आहे आणि कावळा काही पिंडाला शिवत नाहीये.

आबा म्हणजे जयेशचे आजोबा. वर्तकनगरात हयातभर विजेचे मीटर वाचले आणि निवृत्तीनंतर नातवाच्या मुलाखती घ्यायला बसले. जयेशला कॉम्प्युटरमधलं सगळं यायचं, पण पॅनेलसमोर बसला की घशात भुसा भरायचा. म्हणून आबा रोज संध्याकाळी छापील प्रश्न विचारत, मान वाकडी करून एका डोळ्याने त्याच्याकडे बघत आणि उत्तर काहीही असो, म्हणत, "हं. पुढे." शेवटचा प्रश्न होता, डेटाबेसला इंडेक्स कशाला लागतो? उत्तर यायच्या आत आबा गेले. आणि खरी मुलाखत उद्यावर आलेली.

एरवी इथे कावळ्यांची जत्रा असते. आज एकच आला. दगडावर बसला आणि बसूनच राहिला. नदी वाहत होती, पण आवाज नव्हता.

पप्पा हात जोडून पुढे झाले. "आबा, उद्यापासून माझी तंबाखू बंद."

कावळ्याने पाठ फिरवली.

"दादा, निदान मेलेल्या माणसाला तरी थापा मारू नकोस," मालूआत्या म्हणाली. "जयेश, तुझ्यातच जीव अडकलाय त्यांचा. बोल काहीतरी."

"माय सेल्फ जयेश..."

कावळा दोन उड्या मागे गेला.

"अरे मराठीत बोल रे!"

जयेश कावळ्याकडे वळला. "आबा, इंडेक्स म्हणजे जिन्याखालच्या मीटरवरच्या पाट्या. पाटी नसेल तर शीलाकाकूंचा मीटर शोधायला सगळे मीटर बघावे लागतील. पाटी असली की सरळ तिथेच हात. पण भाडेकरू बदलला की पाटीही बदलावी लागते. म्हणून ऊठसूट पाट्या लावायच्या नसतात."

एवढं सलग तो जन्मात बोलला नव्हता. कावळा पिंडापाशी आला. मान वाकडी केली. एका डोळ्याने जयेशकडे पाहिलं. घास न घेता उडून ठाण्याच्या दिशेने गेला.

गुरुजींना पुढचे यजमान होते. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं. मोकळे झाले."

"कोण?" आत्याने विचारलं. गुरुजींनी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात, काचेच्या बंद केबिनमध्ये, मेघाली मॅडम नावाच्या साहेबीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, डेटाबेसला इंडेक्स कशाला लागतो?

घशात भुसा. एसीची घरघर थांबली. मॅडमची मान हळूहळू वाकडी झाली, माणसाची होते त्यापेक्षा जरा जास्तच. एका डोळ्याने त्याच्याकडे बघत त्या मराठीत म्हणाल्या, "हं. पुढे."

जयेशने मीटर सांगितले, पाट्या सांगितल्या, भाडेकरू सांगितले. मॅडम भानावर आल्या. "सॉरी, मी काही बोलले का?" त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. काळ्या तिळासकट.

तर, आता ऐका: जयेशला नोकरी लागली. पेढे वाटले. पण रोजच्या मीटिंगमध्ये कुणाची ना कुणाची मान वाकडी होते. काल चहावाल्याची झाली. "साखर किती?" एवढंच त्याने विचारलेलं, आणि जयेशला साखरेवर दहा मिनिटं, उदाहरणासकट, बोलावं लागलं.

शेवटी त्याने अर्ज केला. असले अर्ज मेघाली मॅडमकडेच जातात.

"विषय: कै. आबा यांना पॅनेलवरून कार्यमुक्त करणेबाबत. महोदया, उपरोक्त व्यक्ती मयत असून कंपनीच्या पटावर नाही. तरी त्यांना सन्मानपूर्वक कार्यमुक्त करण्यात यावे, आणि तोवर निदान जेवणाच्या सुट्टीत प्रश्न विचारू नयेत अशी त्यांना आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती."