लॉर्नने न उघडलेली प्रकरणं

खरं साहित्य वाचकाच्या मागे धावत नाही. ते डोंगरासारखं एका जागी उभं राहतं आणि शतकं त्याच्या पायथ्याशी येऊन बसतात. हे वाक्य मी माझ्या न्यूजलेटरच्या पहिल्या अंकात लिहिलं, अंक पाठवला आणि कितीजणांनी तो उघडला हे बघायला दर सहा मिनिटांनी संगणकाकडे धावत राहिलो. सभासद एकेचाळीस होते. त्यांतले दोन पत्ते माझेच.

तीस वर्षं मी आमच्या काउंटीच्या साप्ताहिकात लोकांची टिंगल करणारं सदर लिहिलं. साप्ताहिक बंद पडलं, मी निवृत्त झालो, सवय मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. म्हणून ही कादंबरी. दर शुक्रवारी सकाळी एक प्रकरण, फुकट, थेट ईमेलमध्ये.

या उद्योगात लेखकाला एक सोय मिळते, आणि ती कुठल्याही लेखकाला मिळू नये. कोणी अंक उघडला, कधी, किती वेळा, हे नावानिशी दिसतं. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई रविवारी दहा चाळीसला उघडतात, म्हणजे प्रवचन ऐन रंगात असताना, हे मला असं कळलं. आणि लॉर्न झ्विकरच्या नावापुढे शून्य आहे, हेही असंच कळलं.

लॉर्न माझा पन्नास वर्षांचा दोस्त. धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दर शनिवारी माजी सैनिकांच्या लिजन हॉलमध्ये आम्ही सातआठ म्हातारे बीन्स आणि फिशकेकचा नाश्ता करायला जमतो. तिथे माझ्यासमोर बसून लॉर्न दर शनिवारी म्हणायचा, "वाचलं रे. छान होतं." मी घरी येऊन बघायचो. शून्य. सहा शनिवार छान होतं, सहा शनिवार शून्य.

भल्या माणसाने सरळ विचारलं असतं. मी सातव्या प्रकरणात हार्ली टपर नावाचं पात्र आणलं. हा हार्ली इंजिनं दुरुस्त करतो, इंजिनाशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलतो, आणि न वाचता जगातल्या प्रत्येक पुस्तकाची तारीफ करतो. शनिवारी लॉर्न आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "वाचलं रे. छान होतं." सगळ्या टेबलाला एकदम ठसका लागला. कॉफी वाढणारी वर्ना किटली घेऊन तशीच आत गेली. ती आत जाऊन हसतेय हे बाहेर ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात सभासद एकशेचाळीस झाले. मग मी थांबतो कशाला? बायको गेल्यापासून हार्लीच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागतात, हे आठव्या प्रकरणात आलं. नववं आणि दहावं त्याच्या नाकातल्या केसांवर निघालं. लॉर्न वाचत नव्हता, त्यामुळे यात कोणाचं काही बिघडत नव्हतं, असा माझा हिशेब. तो दर शनिवारी छान म्हणायचा आणि लोक त्या दोन शब्दांसाठी लवकर येऊन जागा धरायचे. सभासद तीनशे बारा.

बाराव्या प्रकरणापाशी माझ्याकडचा लॉर्न संपला. उरली होती एकच गोष्ट, आणि ती माझी नव्हती.

लॉर्नची बायको विनी हिरव्या टोमॅटोचा चाऊ, म्हणजे आंबटगोड लोणचं, घालायची. काउंटीच्या प्रदर्शनात तिने तीस वर्षं बरणी ठेवली, तिसऱ्या नंबराच्या वर कधी गेली नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती गेली. त्या सप्टेंबरात लॉर्नने तिच्या नावाने बरणी ठेवली आणि ही विनीच्या हातची शेवटची, असं सगळ्यांना सांगितलं. पहिला नंबर आला. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. परत येताना माझ्या गाडीत, पहिल्या नंबराची लाल फीत गुडघ्यावर ठेवून, लॉर्न म्हणाला की विनीच्या बरण्या तिच्या अंत्यविधीच्या जेवणातच संपल्या होत्या. ही त्याने स्वतः केली होती, तिच्या अक्षरातला कागद समोर ठेवून. आधीच्या चार खेपा फुकट गेल्या होत्या. "तुला सांगितलं," तो म्हणाला, "आता इथेच राहू दे."

दोन वर्षं ते गाडीत राहिलं. मग मी ते तीनशे बारा लोकांना पाठवलं. विनोदी करून.

शुक्रवारी दुपारपर्यंत सभासद चारशेच्या वर गेले. ऑर्गनवाल्या बाईंनी लिहून विचारलं, बरणीचं हे खरंच घडलं होतं का? मी उत्तरादाखल नुसता हसरा चेहरा पाठवला. आयुष्यात मी बरंच वाईट लिहिलं आहे, पण एक अक्षरही न लिहिता इतकं वाईट लिहिल्याचं हे पहिलंच उदाहरण.

शनिवारी लॉर्नची खुर्ची रिकामी होती. वर्नाने माझा कप भरला आणि तिथेच उभी राहिली.

"काय हो लेखकमहाशय," ती म्हणाली, "त्या फितीला मी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. रडलेही होते. ते आता मी कोणाकडून परत घेऊ?"

बीन्स तसेच टाकून मी उठलो. लॉर्नच्या घरापर्यंत गाडीने अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात मी एक माफीचं भाषण तयार केलं. चांगलं होतं. त्यात दोन ठिकाणी माझा आवाज दाटून येणार होता.

लॉर्न स्वयंपाकघरात होता, अंगावर बाहेरचा कोट तसाच. नुकताच आलोय म्हणाला. प्रदर्शनाच्या सचिवबाईंकडे फीत परत करायला गेला होता. फीत परत घ्यायचा फॉर्मच आमच्याकडे नाही, असं बाई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवून निघून आला.

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"बाराव्या प्रकरणाचं."

"सांगायला कशाला पाहिजे? वाचलं की."

आणि मी, माफी मागायला आलेला माणूस, चक्क त्याची उलटतपासणी करू लागलो. तू एकही प्रकरण उघडलेलं नाहीस, माझ्याकडे आकडा आहे, शून्य. टेबलावरचा संगणक त्याने माझ्याकडे वळवला. बाराही प्रकरणं ओळीने होती, चित्रांशिवाय, साध्या अक्षरांत. लॉर्नच्या खाडीकाठच्या वस्तीत इंटरनेट इतकं मंद की पुतण्याने ईमेलमधली चित्रं कायमची बंद करून ठेवली होती. उघडलं की नाही हे पत्रात दडवलेल्या टिंबाएवढ्या चित्रावरून मोजतात आणि चित्रं बंद असली तर वाचक दिसतच नाही, हे न्यूजलेटर पाठवणाऱ्या कंपनीच्या मदतपानावर लिहिलेलं आहे. ते पान मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा उघडलं.

स्वयंपाकघरात मला एवढंच कळलं की सातव्यापासून तो दर शुक्रवारी स्वतःला वाचत होता, आणि दर शनिवारी येऊन, अख्खं टेबल तोंड दाबून बसलेलं असताना, माझ्यासमोर छान होतं म्हणत होता.

"मग बोलला का नाहीस?"

"छान होतं म्हणून छान म्हटलं. इंजिनाशी बोलतो ते बरोबर लिहिलंस. बटणांचंही बरोबर आहे." त्याने कोटाकडे पाहिलं. कोटाचीही बटणं एक घर चुकली होती. "पेपर बंद पडल्यापासून तू नुसता वाळत चालला होतास. माझ्यावर हसून कोणाचं बरं होत असेल तर होऊ दे म्हटलं. चाऊचं मात्र माझं नव्हतं रे, तुला वापरू द्यायला. ते विनीचं होतं."

मी म्हणालो, प्रकरण आजच्या आज काढून टाकतो. त्याने विचारलं, लोकांच्या ईमेलमध्ये गेलंय त्याचं काय? त्याचं काही करता येत नाही. गेलेलं पत्र परत बोलावता येत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. शुक्रवारी पाठव दाबण्याआधीही माहीत होतं.

मग मी भाषण सुरू केलं. माणुसकी, विश्वास, पन्नास वर्षं, असं बरंच होतं त्यात. जिथे आवाज दाटायचा होता तिथे तो दाटला नाही. त्याच्या आधीच, भलत्याच ठिकाणी, फुटला, आणि पुढचं काही आठवेना. लॉर्नने खिडकीत ठेवलेलं विनीचं भिंग उचललं, कोटाच्या बाहीला पुसलं आणि म्हणाला,

"ते सगळं राहू दे. अक्षर जरा मोठं करून पाठवता येईल का तेवढं बघ. एक प्रकरण वाचायला मला पावणेदोन तास लागतात."