दगडाला चिकटलेली पिल्लं

आईची आम्हाला एकच शिकवण: ओढ्यातला दगड उलटायचा, बेडकाची पिल्लं त्याला तोंडानं घट्ट चिकटलेली दिसली तरच तिथलं पाणी प्यायचं. हा बेडूक आमच्या मिंदानाओ बेटावरच्या डोंगरातला, लुकडा, अंगभर चामखिळी. रान नाही तर तो नाही. मी पोरगी होते तेव्हा असा दगड दारातल्या ओढ्यात मिळायचा. मग अननसाची शेतं वर सरकत गेली आणि त्यांच्या पुढे पुढे माझी पायपीट. साठी उलटली. कंटाळा आलाय, खरं सांगते.

आता उरलेलं रानही अननसाला द्यायचं घाटत होतं. माझा धाकटा भाऊ मालिगान वस्तीचा दातू, म्हणजे म्होरक्या. त्याच्या सहीवाचून अडलेलं. चार दिवस मी त्याचं डोकं खाल्लं. शेवटी वैतागून म्हणाला, वर काही जिवंत उरलंय हे दाखव, नाही करत सही. मग चल की, म्हटलं, तर गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं.

पहाटे मीच गेले. धबधब्याखालचा दगड उचलला, चांगली सात पिल्लं होती. पाण्यासकट बादलीत ठेवला आणि निघाले. उतारावर निम्मं पाणी हिंदकळून सांडलं. अननसाच्या शेतांखालच्या ओढ्याशी पोचेपर्यंत हात गळून गेले होते. पिल्लं उघडी पडतील म्हणून तिथलंच पाणी बादलीत ओतलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

मालिगानच्या अंगणात अननसवाले बसलेले. सहीआधीच्या विधीचं कोंबडं पाय बांधून तयार. बादली भावापुढे ठेवली, तर सातही पिल्लं दगड सोडून तरंगत होती.

"ताई, ही तर मेलेली गं," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. मला रडूच फुटलं.

"वर जिवंत होती रे. वाटेत मी यात खालच्या ओढ्याचं पाणी घातलं."

अख्खी वस्ती त्याच ओढ्याचं पाणी पिते. मालिगानच्या हातात कॉफीचा पेला होता. त्यानं पेल्यात पाहिलं, मग चुलीकडे. तिथं त्याची सून तान्ह्याची बाटली भरत होती. मला वाटलं, आता हा उठेल.

"उकळलेलं आहे," तो म्हणाला. उरलेली कॉफी पिऊन टाकली आणि पेन मागितलं.

दगड परत वर नेऊन ठेवायला हवा होता. माझे पाय उठेनात.