तिऱ्हाईतांचा विमा

तांबडा दिवा अजून गेला नव्हता. तव्याच्या मुठीतला तो मसुराच्या डाळीएवढा दिवा — तवा तापला की आपोआप विझतो, आणि तो विझला की पहिली पोळी टाकायची... अर्डिस त्याच्यावर डोळे लावून उभी होती, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपलं लक्ष दिव्याकडे मुळीच नाही, कान शेजारच्या तंबूकडे लागलेत. तिथे व्हर्लिनचं धारेचं चाक फिरत होतं, कुणाची तरी कात्री कुरकुरत होती, आणि तो नेहमीसारखी बेसूर शीळ घालत होता — जणू मघाशी, सामान मांडताना, त्याने काही विचारलंच नव्हतं.

विचारलं तरी काय होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. एल्म फोर्क्सच्या सफरचंदांच्या जत्रेत पुढच्या वर्षीपासून छोट्या विक्रेत्यांना स्वतंत्र जागा मिळणं कठीण होणार होतं. दोघांनी मिळून एक तंबू घेतला तर चालेल, मात्र विमा एकच हवा आणि त्यावर दोघांची नावं हवीत. ही सूचना तिलाही आली होती. व्हर्लिन एवढंच म्हणाला होता, "मग काय अर्डिस, एकाच विम्यात यायचं का आपण?" हे म्हणताना तो तिच्याकडे नाही, हातातल्या सुरीच्या पात्याकडे पाहत होता, आणि त्याच्या मानेवरची लाली चढत चढत कानांपर्यंत गेली होती. सबंध जन्म चीजच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेला हा बाप्या, मिश्या पांढऱ्याफेक, आणि कान शाळकरी पोरासारखे लाल! तंबूबद्दल विचारताना कुणाचे कान लाल होत नाहीत. गड्याने खडा टाकून पाहिला होता, आणि तिने "बघू" म्हणून तो खडा पदरात घेतला होता. संध्याकाळी आवराआवरीच्या आधी जत्रेवाली ट्वायला पुढच्या वर्षीच्या जागा नोंदवायला येईल. तोवर त्या 'बघू'चा काहीतरी निकाल लावायला हवा होता.

दिवा गेला. अर्डिसने लांब चपट्या काठीवर बटाट्याची पातळ पोळी उचलली आणि तव्यावर अलगद उलगडली. ही नॉर्वेकडची पोळी, लेफ्सा, लाटणं आईकडून आलेलं, ती काठीही आईची. पोळीवर फोड आले, तपकिरी ठिपके उमटले, वास सुटला, आणि तिला एकदम फार बरं वाटलं. रविवारची सकाळ, ऊन कोवळं, चर्च सुटायला अजून अवकाश, रस्त्याच्या टोकाला अॅकॉर्डियनवाल्याचं सूर लावणं चाललेलं... हे सगळं आहे तसंच किती छान आहे! त्यात कुणी ढवळाढवळ का करावी?

"अर्डिस! वजनं दाखव गं बाई," असं म्हणत ट्वायला रासमुसेन तंबूत शिरली. जत्रेची सगळी व्यवस्था हिच्याकडे. तंबूचे पाय वजनांना बांधलेत की नाही, विम्याची मुदत आजपर्यंत आहे की नाही, सगळं ती जातीने पाहायची. इथे तिने नुसती नजर फिरवली आणि हसली. विजेची तार रस्त्याला चिकटवलेली, तिच्यावर रबरी पट्टी. चारही पायांना सिमेंट भरलेली नळकांडी. तव्यापुढे आडवी फळी, फळीवर 'गरम आहे, हात लांब ठेवा', आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लाल पंजाचं चित्र. "तुझ्या तंबूत ना, पडायचं ठरवून आलेला माणूससुद्धा पडायचा नाही," ट्वायला म्हणाली. "तुला विमा विकणाऱ्याचं काय जातंय! फुकटचे पैसे."

"एकदा पडली होती की एक."

"त्याला वर्षं लोटली. आणि तो धारवाला बघ, सुऱ्या उघड्या टाकून शीळ घालत बसलाय. त्याच्या विम्यावाल्याला झोप कशी लागते कोण जाणे." मग आवाज बारीक करून, "ऐकलं मी. एकच तंबू घेताय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? एल्म फोर्क्स आहे हे," असं म्हणून ट्वायला पुढच्या तंबूकडे गेलीसुद्धा. अर्डिसची पोळी मात्र एका बाजूने करपली.

एकदा पडली होती ती मिसेस प्रुइट, मॅडिसनहून आलेली. कुणाच्या तरी पोळीतून सांडलेलं लोणी, त्यावरून पाय घसरला, घोटा मोडला. ते आठवडे अर्डिसने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक — जेवताना, भांडी घासताना, चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना डोळ्यांपुढे तो वाकडा झालेला पाय. आपल्यामुळे दुसऱ्याला लागावं! 'आपला त्रास दुसऱ्याला नको' हे आईने पोळ्यांच्या आधी शिकवलं होतं. विमा कंपनीने दवाखान्याचं सगळं भागवलं, बाईंना कामावर जाता आलं नाही तेही भरून दिलं. आणि गंमत अशी की तेव्हापासून दर नाताळला मिसेस प्रुइटचं कार्ड येतं, घोटा ठणठणीत आहे, पोळ्या कशा आहेत... लागलं, भरून निघालं, वर ओळखही जमली. इतकं स्वच्छ काही तिच्या आयुष्यात दुसरं घडलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं, ड्वेनचं, तसं कुठे झालं होतं? लग्नानंतर इतकी वर्षं एका छपराखाली, आणि एके दिवशी बॉलिंगच्या ठिकाणी भेटलेल्या बाईबरोबर तो अॅरिझोनाला गेला. तिचं काय काय मोडलं होतं ते कुणी मोजायला आलं नाही. तिने तरी त्याचं कमी मोडलं होतं का — ती तोंडातून शब्द न काढता महिनोन्महिने दिलेली गप्प बसण्याची शिक्षा, ते त्याच्या प्रत्येक विनोदावर ओतलेलं पाणी... कोण कुणाचं देणं लागतं याचा पत्ता लागेना, तेव्हा तिने तो विषयच मिटवला. आणि मग आयुष्य कसं छान बेताचं झालं. पायऱ्यांवर बर्फ साचायच्या आत मीठ टाकायचं, कारण टपालवाला घसरायला नको. शेजाऱ्यांच्या मांजरीला खायला घालायचं, पण मांजर शेजाऱ्यांचीच. बहिणीच्या मुलांना भेटी, रात्री रेडिओ, उन्हाळ्यात रुबार्बचा वाफा. एकटेपणा? छे. लोक उगाच कीव करतात. मला काही कमी नाही, हे ती आरशाला सांगत नसे. तशी गरजच पडत नसे.

आणि तरी या जत्रेच्या दोन दिवसांसाठी ती वर्षभर हळूहळू तयारीला लागते, ते नुसत्या पोळ्यांसाठी का?

चर्च सुटलं, गर्दी लोटली, लोणी-साखर लावून पोळ्यांच्या सुरळ्या करता करता तिचे हात भरून आले. "मागे व्हा हं, तवा तापलाय... अहो, त्या छोटीला धरा..." दुपारी सगळे पोल्का नाचायला चौकात पांगले तेव्हा कुठे तिला स्टुलावर टेकता आलं. फोन हातात घेऊन तिने विमा कंपनीचा रविवारीही चालू असणारा नंबर लावला. का लावला? नियम विचारायला. बस, नियम.

"माझ्या शेजारी एक धारवाला असतो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "समजा, तो माझ्या तव्याने भाजला—"

"भाजलेत का ते?" पलीकडची मुलगी एकदम सावध झाली. "जास्त लागलंय?"

"नाही हो. समजा म्हटलं."

"अच्छा. मग त्यांना भरपाई मिळेल. ते तिऱ्हाईत आहेत ना."

"आणि आम्ही दोघं एकाच पॉलिसीत आलो तर?"

"तर मग नाही मिळणार. मग ते तिऱ्हाईत राहत नाहीत." मुलगी पाठ म्हटल्यासारखं बोलत होती, तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "तुमच्यामुळे बाहेरच्या कुणाला काही झालं तर आम्ही आहोत. पण तुमच्यामुळे त्यांना झालं किंवा त्यांच्यामुळे तुम्हाला झालं, तर ते तुमचं तुम्ही बघायचं. आमच्या पॉलिसीत तसंच आहे, मॅडम. तुम्ही मिस्टर अँड मिसेस आहात का? नाही, म्हणजे नोंद करायला सोपं जातं."

"नाही!" अर्डिस इतक्या जोरात म्हणाली की धारेचं चाक थांबलं.

"नसलात तरी चालतं हो," मुलगी समजुतीने म्हणाली.

अर्डिसने फोन ठेवला. तिऱ्हाईत... म्हणजे मिसेस प्रुइट. टपालवाला. तव्याकडे झेपावणारी ती छोटी. खरं म्हणजे सगळं एल्म फोर्क्स. जरा लांब उभं राहून ज्यांची काळजी घ्यावी, चुकून धक्का लागलाच तर भरून द्यावं आणि नाताळला कार्ड घ्यावं, असे सगळे. त्या सगळ्यांमधून एकाला उचलून फळीच्या आत घ्यायचं. आणि आत घेतलं की कुणी काही भरून देणार नाही. असं कोण करतं? अगदी वेडी असेल तीच करेल. नको, तिने ठरवलं. ट्वायलाला सांगायचं, माझा तंबू वेगळा. जागा नाही मिळाली तर चर्चच्या तळघरात विकेन पोळ्या. ठरवल्याबरोबर तिला हलकं वाटलं. इतकं हलकं की दोन पोळ्यांचा गोळा तिने एकदमच लाटायला घेतला आणि तो पोळपाटाबाहेर गेला.

"अर्डिस," व्हर्लिन फळीपाशी उभा होता. हातात टोपी. पलीकडे, तीन-चार तंबू सोडून, ट्वायला नोंदवही काखेत मारून कुणाशी तरी हुज्जत घालत होती. ती हळूहळू इकडेच सरकत होती.

"खायचीय का एक?" अर्डिसने विचारलं.

"नाही. म्हणजे खाईन. पण ते सकाळचं..." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ट्वायलाने मला छळलं मघाशी. मी तंबूबद्दलच म्हणत होतो हं. तुला वाटलं असेल, म्हातारा चळला. तसलं काही नाही. जागेची सोय, एवढंच. नको असेल तर नको, मला काही वाटायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

हेच तर हवं होतं. गाठ आपोआप सुटली होती, कुणाला न दुखावता, दोघं आपापल्या तंबूत सुखरूप... ती तव्याकडे वळली, काठी पोळीखाली घातली, आणि काठी तिथेच राहिली. छातीच्या डाव्या बाजूला, ब्लाउजच्या बटणापाशी, काहीतरी लागलं होतं. चांगलंच लागलं होतं. 'एवढंच'. 'मला काही वाटायचं नाही'. इतक्या साध्या शब्दांनी? तेही या माणसाच्या, ज्याला धड शीळ घालता येत नाही? तिने श्वास घेऊन पाहिला. श्वासाबरोबर ते आणखी दुखलं. ड्वेन गेल्यापासून तिला कुणाचं काही लागलंच नव्हतं. लागण्याइतकं जवळ कुणी उभंच नव्हतं... आणि हा कधी आला? तिला न विचारता, कुठे नाव न घालता, हा फळीच्या आत येऊन उभा होता, आणि ती अजून नको म्हणायचं ठरवत होती!

"करपतेय," व्हर्लिन म्हणाला.

"करपू दे."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान पुन्हा तांबडे होऊ लागले होते. पलीकडून ट्वायलाची हाक आली, एक जागा की दोन, लवकर सांगा, पाय मोडलेत माझे — आणि अर्डिसला कळलं की काय उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक नाही, धीर होईल की नाही तेही ठाऊक नाही. फक्त जिथे लागलं होतं तिथे तिने हात ठेवला, आणि हे आपल्याला कुणीही काहीही भरून देणार नाही या विचाराने तिला हळूहळू हसू येऊ लागलं.