नरसाळं काढायचं राहिलं

बावीस वर्षं मी सुवा शहरातल्या विद्यापीठाच्या रसायनशाळेत प्रयोगांची मांडामांड करते. पदवी नाही. जे येतं ते बाटल्या धुता धुता शिकले. तरी प्रयोग कसा करायचा, ते पोरं माझ्याच टेबलाला गराडा घालून बघायची. "वासे मावशी, मला दिसलं नाही," म्हणत एकमेकांच्या खांद्यावर चढायची.

मग डॉ. शलवीन आला आणि त्याने वर्गच उलटा केला. शिकवणं घरी फोनवर बघायचं, इथे येऊन नुसतं करायचं. टायट्रेशनचा, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाचा, व्हिडिओ त्याने स्वतःच काढला. पोरं बसमध्ये, कसाव्याचा उकडलेला कंद खाता खाता तो बघत होती. माझ्या टेबलाकडे कुणी फिरकेना. माणूस फोनवरसुद्धा जळू शकतो, हे मला पन्नाशीत कळलं.

मीही तो व्हिडिओ बघितला. सहा वेळा. शेजारणीची नवी सून बघायला जावं तसा, खोट काढायला. आणि सापडली! ब्यूरेट, म्हणजे ती आकडे कोरलेली उभी नळी, भरल्यावर त्याने वरचं नरसाळं काढलंच नव्हतं. त्यातून थेंब गळत राहतात आणि आकडा चुकतो. मी फोन उपडा ठेवला, चहा टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी साठ पोरांनी साठ नरसाळी तशीच ठेवली. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. खोटं कशाला बोलू, आधी मला गुदगुल्या झाल्या. मग दूरच्या लाऊ बेटांवरून शिकायला आलेली आकानिसी दिसली. चौथ्यांदा नळी भरत होती. या प्रयोगाचे गुण धरले जाणार होते.

"किती वेळा बघितलास गं व्हिडिओ?"

"अकरा. सरांचं बरोबरच असणार ना, मावशी. माझ्याच हाताला वळण नाही."

तेवढ्यात शलवीन आला. "मावशी, द्रावण ढवळायला विसरलात की काय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

"द्रावण चोख आहे, सर. नरसाळी काढायला सांगा. तुमच्या व्हिडिओत राहिलंय."

त्याने फोन काढून बघितलं. कान लाल झाले. "कधी लक्षात आलं तुमच्या?"

'आत्ताच' म्हणता आलं असतं. आकानिसी अजून हात पुसत होती.

"गुरुवारी."

"आणि गप्प बसलात?"

"जळत होते."

"सरांवर, मावशी?" मागच्या रांगेतला सेमी ओरडला.

"तुझ्या फोनवर रे, मेल्या!"

वर्ग खदखदला. शलवीन हसला नाही. त्याने सगळे आकडे रद्द केले, पुढच्या सोमवारी सगळ्यांना पुन्हा करायला लावलं आणि जाता जाता मला म्हणाला, "नवा व्हिडिओ तुम्ही काढायचा. बोलायचंही तुम्हीच."

काढला. पुढच्या सोमवारी साठ नळ्या नीट भरल्या गेल्या, आकडे जुळले. मी टेबलापाशी हाताची घडी घालून उभी. कुणी आलं नाही.

"काही अडलंय का गं?" शेवटी मीच आकानिसीला विचारलं.

"छे! तुम्ही बसमध्ये सगळं सांगितलंत की." तिने फोन दाखवला. त्यात पांढऱ्या कोटातली एक बाई तोंड उघडं टाकून थांबली होती.

"जरा जास्तच बोलते ही," मी म्हटलं.

"बोलू दे की," आकानिसी म्हणाली, "तिला थांबवता येतं."