टिपणीस साहेबांची कडधान्य पद्धत

वनमालाबाईंची नोकरी त्या दिवशी एका डब्यातल्या कडधान्यावर टांगलेली होती. अंधेरीच्या शाळेत त्यांना दोन वर्षं पुरी होत आली होती. इन्स्पेक्शनला येणाऱ्या टिपणीस साहेबांनी धडा पाहून सही केली तरच त्या कायम होणार, नाहीतर जूनपासून घरोघरी शिकवण्या.

धडा होता समस्थानिकांचा. तो कसा शिकवायचा हेही साहेबांनीच ठरवून दिलेलं. शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी आपली ‘कडधान्य पद्धत’ दोनशे जणांच्या गळी उतरवली होती, वर सायक्लोस्टाइलचे कागदही वाटले होते. वाल, चवळी आणि वाटाणे एका डब्यात मिसळायचे. डबा म्हणजे मूलद्रव्य, तीन कडधान्यं म्हणजे त्याचे तीन समस्थानिक. वजन करा, सरासरी काढा, टाळ्या वाजवा. टाळ्यांचं कागदावर नव्हतं, पण शिबिरात त्या वाजवाव्या लागल्या होत्या.

बाईंनी आदल्या दिवशी डबा भरून प्रयोगशाळेत ठेवला. सकाळी झाकण उघडलं, तर कडधान्य टम्म फुगलेलं. शाळेचा शिपाई गुणाजी मालवणचा. साहेब येणार म्हणजे उसळ होणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

“बाईनू, भिजत घालूक इसारल्यात, म्हणान मियाच घातलंय,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की बाईंना धड रागावताही येईना. आणि साहेबांची रिक्षा तर फाटकात शिरलीसुद्धा होती.

धडा ओल्या कडधान्यावरच सुरू झाला. साहेब मागच्या बाकावर, शेजारी हेडसर. समस्थानिकांत प्रोटॉन सारखेच, फक्त न्यूट्रॉन कमी-जास्त, म्हणून रासायनिक गुणधर्म तेच पण वजन वेगळं, असं सांगून बाईंनी वाल, चवळी आणि वाटाणा उचलून दाखवला. साहेबांची मान डोलू लागली. तेवढ्यात वेसाव्याची जया उभी राहिली. आज तोंड उघडायचं नाही, असं तिला तीनदा बजावलं होतं.

“बाई, वाटाणा पेरला तर वाल येत नाही ना? मग दोन्ही एकच मूलद्रव्य कसं?”

हेडसरांनी डोळे वटारले. पोरगी सोळा आणे खरं बोलत होती. ‘खाली बस’ म्हटलं की नोकरी पक्की, आणि पोरं जन्मभर वाटाण्याला वालाचा भाऊ समजणार. बाईंना साहेबांची भीती वाटत होती, आणि त्या भीतीचाच त्यांना संताप आला.

“तुझं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हे उदाहरण चुकीचं आहे.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. पोरांकडून त्यांनी चवळी-वाटाणे वेचून घेतले. राहिले वाल, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता बाईंना गुणाजीच्या पाया पडावंसं वाटलं. बरेचसे वाल फुगले होते, पण काही गणंग निघाले होते, रात्रभर पाण्यात राहूनही खड्यासारखे टणक. दोन्ही वालच. फरक फक्त आत शिरलेल्या पाण्याचा, आणि ते पाणी म्हणजे समजा जादा न्यूट्रॉन.

दहा फुगलेले तराजूत भरले आठ ग्रॅम, दहा गणंग चार ग्रॅम. डब्यात तीन फुगलेल्यांमागे एक गणंग. मग डब्यातल्या दहा वालांचं सरासरी वजन किती? मदतीला धावून हेडसर म्हणाले, सहा. जया म्हणाली, सात, कारण फुगलेले तिप्पट आहेत. म्हणजे एका वालाला पॉइंट सात, आणि पॉइंट सातचा वाल डब्यात एकही नाही. क्लोरीनचा साडेपस्तीसचा अणूही असाच, बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे, जगात नाही. तिथेही पस्तीसचे आणि सदतीसचे साधारण तिनास एक.

तासानंतर आपल्या खोलीत हेडसर दिलगिरीचं पुराण लावून बसले. बाई नवीन आहेत, जिभेला हाड नाही, वगैरे. साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“दोनशे शिक्षकांना मी वाटाणे दाखवलेत,” ते म्हणाले. “ते चुकलं होतं, हे आता कोण सांगणार त्यांना?”

बाईंनी हातातल्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. एका दिवसाला पुरेल एवढं त्या बोलून बसल्या होत्या.

“मी तर नाही सांगणार. पुढच्या शिबिरात तुम्ही सांगा.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “आणि शिबिरात शिकवायला शिक्षक कायम असावा लागतो, नियमच आहे,” असं म्हणत त्यांनी सही केली.